दोन यागींमधले अंतर

बुधवार पेठेत हौशी रेडिओवाल्याला उंची मिळते, मोकळी जमीन मिळत नाही. चार-पाच मजल्यांची इमारत, तिच्यावर गच्ची, गच्चीत पाण्याची टाकी, सोलर हीटरची पाती, कपडे वाळत घालायच्या दोऱ्या आणि उरलेल्या कोपऱ्यात जेमतेम एक मास्ट उभा राहील एवढी जागा. आडवे पसरायला वाव नसल्यामुळे माणूस साहजिकच वर जातो. एका अँटेनाच्या डोक्यावर दुसरी अँटेना चढवायची, म्हणजे स्टॅक करायची. मग पहिला प्रश्न येतो तो दोघींमध्ये अंतर किती ठेवायचे याचा. अँटेना एकाच बँडची असेल तर उत्तर सोपे असते. दोन किंवा तीन बँडांवर चालणाऱ्या अँटेना स्टॅक करायच्या असतील, तर मात्र एकाच मोजपट्टीने दोन-तीन वेगवेगळ्या गिऱ्हाइकांचे समाधान करावे लागते. हे प्रकरण त्या हिशेबाविषयी आहे.

पेठ निवडली त्यालाही कारण आहे. पासोड्या विठोबाच्या आसपासची इलेक्ट्रॉनिक्सची दुकाने आणि तापकीर गल्लीतला विजेच्या सामानाचा बाजार, दोन्ही बुधवार पेठेतच. पुण्यात सोल्डरिंग गन हातात धरलेल्या प्रत्येकाला इथे कधी ना कधी यावे लागते. क्लॅम्प, नटबोल्ट लागले की शेजारच्या रविवार पेठेतली बोहरी आळी आहेच. शिवाय स्टॅकिंगमुळे होणारा जो फायदा बहुतेक पुस्तके ओझरता सांगतात, त्याची सर्वांत जास्त गरज अशाच दाट वस्तीत असते. त्याकडे पुढे सविस्तर येऊ.

आपण स्टॅक करणार ती अँटेना म्हणजे यागी, तेव्हा आधी तिची ओळख. जपानमधल्या सेंदाई येथील तोहोकू इम्पीरियल विद्यापीठात हिदेत्सुगू यागी आणि शिंतारो उदा यांनी १९२६ मध्ये ही रचना जगापुढे मांडली. एका बूमवर समांतर दांड्या बसवायच्या. त्यांतल्या एकीलाच केबल जोडायची, बाकीच्या नुसत्याच उभ्या. पण त्यांच्या लांबीमुळे आणि जागेमुळे लहरी एका दिशेला वळतात. सत्तरच्या दशकात सिंहगडावर दूरदर्शनचा मनोरा आला आणि पुण्यातल्या वाड्यांच्या कौलांवर याच अँटेना नैर्ऋत्येकडे तोंड करून उभ्या राहिल्या. पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येक पुणेकराने यागी पाहिलेली आहे. तिचे नाव तेवढे माहीत नव्हते.

दोन यागी एकावर एक ठेवून त्यांना एकाच वेळी, एकाच फेजमध्ये सिग्नल दिला, तर क्षितिजाच्या दिशेने दोघींच्या लहरी एकत्र पोचतात आणि बेरीज होते. वर किंवा खाली जाणाऱ्या दिशेत एकीच्या लहरीला जास्त अंतर कापावे लागते, त्यामुळे त्या मागेपुढे होतात आणि एकमेकींना खोडतात. झोत उभ्या दिशेने चपटा होतो आणि वाचलेली ताकद समोर जाते. विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर एकावर एक रचलेले स्पीकर आवाज आभाळात न उधळता सरळ पुढे फेकतात, तेही याच कारणाने.

दोन अँटेनांमुळे कागदावर जास्तीत जास्त ३ डेसिबल, म्हणजे दुप्पट, फायदा दिसतो. प्रत्यक्षात केबल, जोड आणि दोन अँटेनांचा एकमेकींवरचा परिणाम वजा जाता २ ते २.५ डेसिबल हाती लागले तर काम चांगले झाले असे समजावे. २ डेसिबल म्हणजे १०० वॅटचा ट्रान्समीटर जणू १५८ वॅटचा होणे. आकडा फार मोठा वाटत नाही, पण पाठवताना मिळतो तितकाच तो ऐकतानाही मिळतो, आणि त्यासाठी विजेचे बिल वाढत नाही.

आता अंतर. अँटेना सेंटीमीटर ओळखत नाही, ती तरंगलांबी ओळखते. भारतात हौशी रेडिओसाठी १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ हे दोन पट्टे खुले आहेत. हॅम मंडळी, म्हणजे हौशी रेडिओवाले, त्यांना टू मीटर आणि सेव्हंटी सेंटीमीटर म्हणतात. १४५ मेगाहर्ट्झला तरंगलांबी २.०७ मीटर, ४३५ ला ६९ सेंटीमीटर. बरोबर तिप्पट. म्हणजे दोन ड्युअल-बँड यागींमध्ये आपण एक मीटर अंतर ठेवले, तर खालच्या बँडला ते अर्धी तरंगलांबी भासते आणि वरच्याला जवळजवळ दीड. मोजपट्टी एकच आणि मापे दोन, इथेच सगळी अडचण आहे.

एका बँडसाठी योग्य अंतर काढायचे एक सूत्र जर्मन हॅम गुंटर होख यांच्या डीएल६डब्ल्यूयू या कॉलसाइनने जगभर ओळखले जाते. एकट्या अँटेनाचा उभ्या प्रतलातला झोतकोन घ्या, म्हणजे ताकद निम्मी होते त्या दोन दिशांमधला कोन. तो अर्धा करा, त्याचा साइन काढा, दुप्पट करा आणि तरंगलांबीला त्याने भागा. आडव्या दांड्यांच्या एखाद्या छोट्या यागीचा झोतकोन १४५ वर साधारण ६० अंश असेल, तर उत्तर येते पूर्ण एक तरंगलांबी, २.०७ मीटर. त्याच बूमवरच्या ४३५ च्या दांड्यांचा झोतकोन ४० अंश धरला, तर उत्तर येते १.०१ मीटर. दोन बँड, दोन उत्तरे आणि त्यांत दुपटीचा फरक.

खालच्या बँडचे ऐकून २.०७ मीटर ठेवले तर काय होते? ४३५ साठी ते अंतर तीन तरंगलांबी होते आणि झोत फाटतो. क्षितिजाच्या दिशेचा मुख्य झोत राहतो, पण सुमारे ९.६ अंशांवर सिग्नल शून्य होतो, १९.५ अंशांवर दुसरा झोत उभा राहतो, ३० अंशांवर पुन्हा शून्य. सरळ समोर बोलायचे असेल तर हे कळतही नाही. बुधवार पेठेतून सिंहगड सुमारे २० किलोमीटरवर आणि आपल्यापेक्षा सुमारे ७५० मीटर उंच आहे; तरीही नजरेचा कोन होतो फक्त दोन-सव्वादोन अंश. गडावर कोणी हॅम सेट घेऊन गेला असेल तर त्या कोनात या रचनेचे नुकसान अर्ध्या डेसिबलच्या आसपासच राहते. पण आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरचा रिपीटर, म्हणजे ऐकलेला सिग्नल पुन्हा प्रसारित करणारा संच, ४३७.८०० मेगाहर्ट्झवर ऐकायचा ठरवा. स्थानक क्षितिजावरून वर चढते तसा आवाज आधी भरतो, मग बुडतो, पुन्हा येतो, पुन्हा बुडतो. ऐकणारा दोष रिसीव्हरला देतो. दोष असतो मास्टवरच्या अंतराचा.

अशा जादा झोतांचा त्रास जगातल्या सगळ्याच अँटेना-समूहांना आहे आणि त्यावरचा एक भव्य उपाय पुणे जिल्ह्यातच उभा आहे. नारायणगावजवळ खोडदला गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली जीएमआरटी दुर्बीण म्हणजे ४५ मीटर व्यासाच्या ३० डिशचा समूह. त्यांतल्या १४ डिश मध्यभागी आहेत आणि १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन भुजांवर. एकूण पसारा सुमारे २५ किलोमीटरचा. ही दुर्बीणही अनेक बँडांवर काम करते, म्हणजे तिलाही एकाच अंतरात अनेक तरंगलांब्या बसवाव्या लागतात. मध्यभागच्या डिश सारख्या अंतराच्या चौकटीत मांडलेल्या नाहीत, मुद्दाम विस्कळीत ठेवल्या आहेत. अंतरे सारखी नसली की खोटे झोत एकाच दिशेला साचत नाहीत, विखुरले जातात. ३० डिश असल्या की हे जमते. आपल्याकडे दोनच अँटेना आणि दोघींमध्ये एकच अंतर, तेव्हा विस्कळीतपणाची चैन आपल्याला नाही. आपल्याला निवडच करावी लागते.

माझे मत असे की निवड करताना वरच्या बँडचा शब्द प्रमाण मानावा. खालच्या बँडला अंतर कमी पडले तर फायदा थोडा घटतो, बाकी काही बिघडत नाही. झोत स्वच्छ राहतो. वरच्या बँडला अंतर जास्त झाले तर झोतच फाटतो. एका बाजूला नुसता तोटा आणि दुसऱ्या बाजूला बिघाड असेल, तर शहाण्या माणसाने तोटा पत्करावा. त्या न्यायाने अंतर एक मीटरच्या आसपास ठरते. १४५ वर यामुळे शक्य असलेल्या फायद्यातला अर्धा ते एक डेसिबल हातचा जाईल. तो जाऊ द्यावा.

एक मीटरच्या आसपास म्हणजे नेमके किती, याचे उत्तर मात्र पेठच देते. तापकीर गल्लीत प्रत्येक दुकानात शेकडो एलईडी दिवे एकाच वेळी चालू असतात. त्यांचे ड्रायव्हर, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, लिफ्टच्या मोटारी, गणेशोत्सवातली रोषणाई, हे सगळे रेडिओच्या भाषेत गोंगाट आहे. दूरच्या स्टेशनचा क्षीण आवाज बहुतेक वेळा अंतरामुळे हरत नाही, या गोंगाटात बुडतो. आणि गच्चीवरच्या अँटेनाच्या दृष्टीने हा गोंगाट येतो पायाखालून.

दोन अँटेनांमधले अंतर बरोबर अर्धी तरंगलांबी ठेवले, तर सरळ खालून येणारी लहर एका अँटेनापर्यंत पोचून दुसरीपर्यंत जाताना अर्ध्या तरंगलांबीने मागे पडते. दोन्ही सिग्नल उलटे होऊन एकमेकांना पुसून टाकतात. १४५ साठी हे अंतर १.०३ मीटर. ४३५ साठी तेच अंतर दीड तरंगलांबी होते. आणि दीड तरंगलांबीने मागे पडले तरी लहर उलटीच होते! दोन बँडांचे गुणोत्तर तीन आहे आणि तीन विषम आहे, म्हणून हे साधते. गुणोत्तर दोन असते तर एका बँडवर गोंगाट पुसला गेला असता आणि दुसऱ्यावर त्याची बेरीज झाली असती. सूत्राने ४३५ साठी काढलेले १.०१ मीटर आणि गोंगाट पुसणारे १.०३ मीटर यांत बोटभराचा फरक आहे. निसर्गाने हौशी माणसाला दिलेली ही सवलत आहे. ती घ्यावी.

तिची मर्यादाही समजून घ्यावी. १४५ वर हा बहिरा पट्टा चांगला रुंद आहे: सरळ खालच्या दिशेपासून क्षितिजाखाली ६० अंशांपर्यंत गोंगाट १३ डेसिबलहून जास्त दबतो, ४५ अंशांवर सुमारे ७ डेसिबल. ४३५ वर तो अरुंद आहे. ६० अंशांवर साडेचार डेसिबलच उरतात आणि ४२ अंशांच्या आसपास एक उपझोत डोके काढतो. सुदैवाने माणसाने निर्माण केलेला गोंगाट वरच्या बँडवर मुळातच कमी असतो. त्याउलट २.०७ मीटर ठेवले असते तर दोन्ही बँडांवर खालून येणाऱ्या गोंगाटाची बेरीज झाली असती. सूत्रात गोंगाटाला जागाच नाही, कारण सूत्र मोकळ्या माळासाठी आहे.

आणखी एक पर्याय विचारात घेण्यासारखा आहे, १.४ मीटरचा. त्या अंतराला १४५ वरचा बहिरा कोन क्षितिजाखाली साधारण ४८ अंशांवर येतो. तुमच्या इमारतीत शांतता असेल आणि त्रास समोरच्या रस्त्यापलीकडच्या दुकानांचा असेल, तर हे अंतर जास्त उपयोगी ठरेल. १४५ वर फायदाही थोडा वाढेल. किंमत ४३५ ला मोजावी लागेल: तिथे १४ अंशांवर शून्य आणि ३० अंशांच्या आत उपझोत.

हे सगळे आडव्या दांड्यांच्या यागींबद्दल झाले. एफएमवर, रिपीटरमार्फत बोलताना दांड्या उभ्या ठेवायचा प्रघात आहे. उभी दांडी सरळ खाली मुळातच ऐकत नाही, त्यामुळे गोंगाटाचे गणित तिथे वेगळे होते. शिवाय लोखंडी मास्ट उभ्या दांड्यांना समांतर येऊन झोत बिघडवतो. तिथे वरच्या भागाला फायबरग्लासचा दांडा लागतो.

अंतर ठरले तरी अर्धे काम बाकी राहते, केबलचे. दोन्ही अँटेनांपासून जोडापर्यंतच्या केबली सारख्या लांबीच्या हव्यात, एकाच रिळातून कापलेल्या. साध्या भरीव पॉलिथिनच्या केबलमध्ये पाच सेंटीमीटरचा फरक पडला तर झोत सुमारे चार अंशांनी कलतो, आणि तो दोन्ही बँडांवर सारखाच कलतो. त्याहून मोठी चूक म्हणजे एक यागी उलटी बसणे. केबल जोडलेल्या दांडीची, म्हणजे ड्रिव्हन एलिमेंटची, केबलच्या मधल्या तारेला जोडलेली बाजू एकीची डावीकडे आणि दुसरीची उजवीकडे आली, की समोरच्या दिशेलाच सिग्नल शून्य होतो. अँटेना खाली असतानाच त्या बाजूंना रंगीत टेप लावून ठेवावी.

दोन ५० ओहमच्या अँटेना समांतर जोडल्या की २५ ओहम होतात; सेटला ५० हवेत. इथेही तो विषम तीन मदतीला येतो. ७५ ओहमच्या केबलचा, तरंगलांबीच्या पाव किंवा पावाच्या विषम पटीत कापलेला तुकडा ५० ओहमला सुमारे ११२ ओहममध्ये बदलतो. असे दोन तुकडे टी जोडावर समांतर आले की ५६ ओहम होतात, जे सेटला सहज चालतात. १४५ साठी पाऊण तरंगलांबी घेतली, म्हणजे तीन पाव, तर ४३५ साठी ती नऊ पाव होते. नऊही विषम, म्हणून एकच जोड दोन्ही बँडांना पुरतो. ७५ ओहमची केबल म्हणजे डिश टीव्हीची आरजी-६, पेठेत कुठेही मिळते. फोमच्या आरजी-६ मध्ये लहर प्रकाशाच्या सुमारे ८२ टक्के वेगाने जाते असे धरले तर तुकडा १.२७ मीटरचा होतो. पण फोम कंपनीगणिक बदलतो, म्हणून थोडा लांब कापून नॅनोव्हीएनए या छोट्या मोजयंत्रावर मोजत मोजत योग्य लांबीवर आणावा.

आणि गच्चीवरून खोलीत येणारी मुख्य केबल. आरजी-५८ ही बारीक केबल २० मीटर टाकली तर ४३५ मेगाहर्ट्झवर सात डेसिबलच्या आसपास सिग्नल तिच्यातच विरतो. आरजी-२१३ टाकली तर सुमारे तीन. दुसरी यागी चढवून मिळणारे दोन डेसिबल, आणि केबल बदलून वाचणारे चार. म्हणून पैसे मोजकेच असतील तर आधी चांगली केबल घ्यावी, दुसरी यागी नंतर.

दूर देशांशी बोलण्याच्या एचएफ बँडांवर हाच हिशेब मोठ्या मापात येतो. २०, १५ आणि १० मीटर या तिन्ही बँडांवर चालणाऱ्या ट्रायबँडर यागी स्टॅक करायच्या तर ९ ते १० मीटर अंतर लागते. अमेरिकन रेडिओ रिले लीगच्या अँटेना बुकचे दीर्घकाळ संपादक राहिलेले डीन स्ट्रॉ यांनी ३०, ६० आणि ९० फुटांवर तीन ट्रायबँडर लावून त्याचा सविस्तर अभ्यास मांडला. ३० फूट म्हणजे २० मीटर बँडवर ०.४३ तरंगलांबी, १५ वर ०.६५, १० वर ०.८७. इथेही खालच्या बँडला कमी आणि वरच्याला पुरेसे हेच धोरण दिसते. एचएफवर जमिनीवरून परतणारी लहरही हिशेबात येते: एक तरंगलांबी उंचीवरची अँटेना साधारण १४ अंशांवर सर्वांत जोरात बोलते आणि ३० अंशांवर गप्प होते; खालची अँटेना ती पोकळी भरून काढते. पुण्याहून लंडन सुमारे ७३०० किलोमीटर, वायव्येला, आणि एवढ्या लांब जायचे तर असे कमी कोनच कामाचे. पण त्यासाठी लागणारा मनोरा पेठेतल्या इमारतीवर उभा करू नये. तो माळरानाचा खेळ आहे.

गच्चीवरच्या छोट्या स्टॅकलाही मास्टची काळजी लागतेच. खालची यागी टाकी, कठडा आणि सोलरच्या पात्यांपासून निदान दोन मीटर वर हवी. मास्ट काँक्रीटच्या खांबाला बांधावा, जुन्या वाड्याच्या विटामातीच्या भिंतीला कधीही नाही. अर्थिंगची जाड तार एप्रिल-मेमधल्या वळिवाच्या विजा सुरू होण्याआधी जमिनीपर्यंत गेलेली असावी. एक मीटरच्या अंतराचा इथेही फायदा होतो: वरच्या यागीवरचा वारा मास्टला कमी वाकवतो.

हे करणाऱ्याकडे परवाना असायला हवा. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागातली बिनतारी नियोजन व समन्वय शाखा परीक्षा घेऊन तो देते आणि १२ वर्षांपुढच्या मुलामुलींनाही ती परीक्षा देता येते. परवाना हाती असेल तर सुरुवात १.०३ मीटरने करा, पण वरचा क्लॅम्प पहिल्याच दिवशी कायमचा आवळू नका. संध्याकाळी दुकाने भरात असताना आणि रात्री ती मिटल्यावर, दोन्ही बँडांवर, एकाच ओळखीच्या स्टेशनचा सिग्नल आणि गोंगाटाची पातळी वहीत लिहा. मग यागी १.४ मीटरवर सरकवून तेच पुन्हा करा. ज्या अंतराला सिग्नल आणि गोंगाट यांतला फरक संध्याकाळी जास्त राहतो, ते तुमच्या गच्चीचे अंतर.